कपाटाच्या दाराआतला कागद

पत्र, थोडक्यात: मी ऐरोलीला राहते, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या मोठ्या भावाला, वय २४, तीन वर्षांपासून स्किझोफ्रेनियाची औषधं चालू आहेत. त्याच्यासाठी मी एक छोटं ॲप बनवलं. सकाळी आठला आणि रात्री नऊला ते विचारायचं, 'गोळी घेतली का?' अर्ध्या तासात 'हो' दाबलं नाही तर आईच्या फोनवर मेसेज जायचा. दादाने अकरा दिवस वापरलं आणि काढून टाकलं. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. आता त्यानेच कॅलेंडरच्या जुन्या पानामागे स्केचपेनने लिहून तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, आणि गोळ्या नीट घेतोय. माझं ॲप फेल गेलं. तरी मला हेच काम करायचं आहे, मनाच्या आजाराशी झगडणाऱ्यांसाठी साधनं बनवायची आहेत. इंजिनीअरिंग सोडून सायकॉलॉजी घेऊ का? असं काही शिक्षण असतं का? बाबा म्हणतात, एवढी फी भरून तू ठाण्याच्या हॉस्पिटलातल्या लोकांसाठी ॲप बनवत बसणार का? पोट भरेल का त्यावर?

उत्तर:

नाव छापू नका असं लिहिलंस, म्हणून नावाशिवायच लिहिते.

तुझ्या पत्रातल्या 'दाराला आतून' या शब्दांपाशी मी थांबले. म्हणूनच तुला मेल करून विचारलं की तो कागद कसा आहे ते सांग. तू लिहून पाठवलंस. डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र. सूर्याखाली 'नाश्ता झाला की पांढरी'. चंद्राखाली 'ताट उचललं की अर्धी'. सगळ्यात खाली लाल रंगात 'चार उरल्या की मेडिकल'. बस, एवढंच.

आता दादाने काय केलंय ते माझ्याबरोबर नीट बघ. तू घड्याळ धरलंस, त्याने खाणं धरलं. या औषधांनी अनेकांना सुस्ती येते. दादा कधी नऊला उठतो, कधी अकराला, हे तूच लिहिलंस. आठचा गजर त्याच्या झोपेत वाजून जायचा. नाश्ता मात्र चुकत नाही, कारण आई त्याला उठवून खायला घालतेच. दुसरं, कागद दाराच्या आतल्या बाजूला आहे. दोन खोल्यांच्या घरात पाहुणा आला की त्याची नजर आधी भिंतीवर फिरते. कपाट दादाचं आहे, ते उघडेल त्यालाच कागद दिसणार. तिसरं, बरोबरची खूण करायला त्याने जागाच ठेवलेली नाही. गोळी घेतली की पाकिटातला तेवढा खळगा रिकामा होतो, त्याला तेवढी नोंद पुरते. कुणाला काही दाखवायचं नाही. आणि ती लाल ओळ! औषध घ्यायचं नाही म्हणून खंड पडतो असं आपण धरून चालतो. पुष्कळदा पाकीट संपलेलं असतं आणि आणायला जायचं त्राण नसतं, म्हणून पडतो. हे त्याला ठाऊक आहे. तुझ्या ॲपला ठाऊक नव्हतं.

तुझं ॲप दादाच्या फोनवर होतं, पण ते होतं आईसाठी. स्क्रीनवर लिहिलेलं असायचं 'गोळी घेतली का?', आणि दादाला ऐकू यायचं 'तुझ्यावर आमचं लक्ष आहे'. त्याने ते काढून टाकलं, त्यात तुझ्यावरचा राग थोडा होता. बाकी स्वतःच्या आजाराचा कारभार त्याने स्वतःच्या हातात घेतला. या क्षेत्रात तुला जे शिकायचं आहे त्याचा पहिला धडा तुला घरातच मिळालाय, आणि तू त्याला फेल म्हणते आहेस.

आईला मी जराही दोष देत नाही. औषध मध्येच सुटणं हे या आजारात पुन्हा त्रास उफाळण्याचं मोठं कारण आहे. तिने तो त्रास पाहिलाय. तिचा जीव टांगणीला लागलेला असतो, आणि त्या जिवासाठीही साधन हवंच. पण ते तिच्यासाठी म्हणून वेगळं हवं, आणि दादाला विचारून बनवलेलं हवं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. पुढे आजार बळावला तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कोणते करू नयेत, हे सज्ञान माणसाला त्या कायद्यानुसार आधीच लिहून ठेवता येतं. तेव्हा आपल्या वतीने कुणी बोलायचं, तेही ठरवून ठेवता येतं. दादा बरा असताना, चहा पिताना त्याला विचार: गोळी राहिली तर कुणाला कळवायचं? आईला की मला? लगेच की दुसऱ्या दिवशी? तो जे उत्तर देईल त्यावरून तुझ्या ॲपची पुढची आवृत्ती ठरेल. ॲप नकोच म्हणाला तर तेही उत्तरच आहे. (कागद छान चाललाय म्हणून डॉक्टरांकडची पुढची तारीख मात्र चुकवू नका.)

आता शिक्षणाचं. इंजिनीअरिंग सोडू नकोस. दुसरं वर्ष चालू आहे आणि विषय तुला झेपतायत. तुला हवं ते काम, म्हणजे माणसं साधन कसं वापरतात हे बघून ते घडवणं, इंटरॅक्शन डिझाइन किंवा यूएक्स रिसर्च या नावाने चालतं, आणि त्याकडे इंजिनीअरिंगमधून सरळ वाट जाते. तुझ्या घरून ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडमार्गे पवईला गेलीस की आयआयटी मुंबईचं आयडीसी आहे, १९६९ पासून डिझाइन शिकवणारं. तिथल्या एम.डेस. या पदवीनंतरच्या डिझाइनच्या शिक्षणासाठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती जानेवारीत होते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही देता येते, वयाची अट नाही. पहिला भाग कॉम्प्युटरवर असतो, दुसऱ्यात हाताने चित्रं काढून आपली कल्पना मांडावी लागते. चित्रकला येत नाही म्हणून घाबरू नकोस. दादाच्या सूर्य-चंद्राएवढं काढता आलं तरी सुरुवातीला पुरे, बाकी सरावाने येतं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी असते, तीही बघून ठेव.

सायकॉलॉजी शिकायची तर पदवीनंतर शीक. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एम.ए. सायकॉलॉजीला कुठल्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळायचा, पण २०२५ पासून दूरशिक्षणाने सायकॉलॉजीला नवे प्रवेश देणं यूजीसीने थांबवलंय, तेव्हा कुठे शिकता येईल ते आधी बघ. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: नुसत्या एम.ए.ने कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेलं शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. तुला उपचार करायचे नाहीत, साधनं बनवायची आहेत. ही सीमारेषा आत्ताच स्वच्छ आखून घे. पुढे कंपनीत बसल्यावर ती पुसट करायला सांगणारे खूप भेटतील.

काही वर्षांपूर्वी एका मुलाने मला असाच प्रश्न विचारला होता. मी त्याला परीक्षा आणि कॉलेजांची माहिती दिली आणि थांबले. तो चांगल्या जागी लागला. पहिल्याच प्रोजेक्टला रुग्णांशी बोलायची वेळ आली तेव्हा तो गोठून गेला. कुणी रडायला लागलं की काय करायचं, हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. माझं सांगणं अपुरं पडलं, हे मी विसरलेले नाही. म्हणून तुला परीक्षेआधी हे सांगते: माणसांमध्ये जाऊन बस. मनोरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रांत, डे केअरमध्ये स्वयंसेवक लागतात. रीतसर परवानगी घेऊन आठवड्यातून एक दुपार दे. पहिले दोन महिने काही विचारू नकोस. त्यांच्याबरोबर मेणबत्त्या कर, पाकिटं चिकटव, कॅरम खेळ आणि कान उघडे ठेव. फोन बॅगेत राहू दे. घरी आल्यावर वहीत लिही, कुणाचंही नाव न घालता.

काय लिहायचं? शब्द. 'डिप्रेशन' हा शब्द तुला फार कमी ऐकू येईल. 'कशात मन लागत नाही', 'डोक्यात विचारांचा भुंगा', 'उगाच धडधडतं', 'अंगात त्राणच नाही', 'कुणाशी बोलावंसं वाटत नाही' असं ऐकू येईल. झिम्बाब्वेमध्ये २००६ साली डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाक मांडून तिथे प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसवल्या. येणाऱ्याचं ऐकायचं आणि त्याच्या अडचणीतून वाट काढायला मदत करायची, हे त्यांचं काम. या आज्यांनी डिप्रेशन हा शब्दच धरला नाही. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणजे अति विचार करणं. तिथली माणसं आधीपासून तेच म्हणायची, म्हणून आज्याही तेच म्हणत. मराठीतली बरीचशी ॲप्स इंग्रजीतून उतरवलेली असतात, ती वाचताना सरकारी अर्ज वाचल्यासारखं होतं. घणसोलीच्या गावठाणातल्या एखाद्या मावशीला 'तुमची मनःस्थिती नोंदवा' असं विचारलं तर ती फोन लेकीच्या हातात देईल. 'आज कसं वाटतंय?' विचारलं तर कदाचित बोलेल. अशा एकेका वाक्यावर आठवडा घालवावा लागला तरी घालव.

एक चाल मात्र कधीच उचलू नकोस. व्यायामाच्या आणि भाषा शिकवणाऱ्या ॲप्समध्ये 'सलग १५ दिवस! शाब्बास!' असं असतं आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. धडधाकट माणसाला त्याने जोर येतो. ज्याला दोन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही, त्याला तो शून्य काय सांगतो याचा विचार कर. तो स्वतःला आधीच बोल लावत असतो, त्यात तुझ्या साधनाचा आणखी एक आवाज नको. चार दिवसांनी आला तरी त्याच्यासाठी दार उघडं असावं आणि कुठे होतास असं कुणी विचारू नये.

आणि सगळ्यात अवघड जागा. डिप्रेशन किती आहे हे पाहायला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. ॲपमध्ये ती घालणं तुला एका संध्याकाळचं काम आहे. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल आहे. रात्री दोन वाजता कुणी तिथे 'जवळजवळ रोज' असं उत्तर दिलं, तर पुढच्या स्क्रीनवर काय येणार? बेरीज आणि एक हिरवं बटण? याचं उत्तर तयार नसेल तर तो प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला नाही. निदान तिथून एका बोटात जिवंत माणसाचा आवाज मिळायला हवा. १४४१६ ही केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. मशीनवर किती सोपवायचं, याचा धडा २०२३ मध्ये अमेरिकेत मिळाला. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या एका संस्थेचा 'टेसा' हा चॅटबॉट त्याच विकाराच्या लोकांना वजन कमी करायचे सल्ले देऊ लागला आणि संस्थेला तो बंद करावा लागला. बनवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. तू कामाला लागशील तेव्हा तुझं अर्धं कसब, साधनाने कुठे थांबायचं आणि कुणाच्या हाती सोपवायचं, हे ठरवण्यात लागेल.

बाबांचा प्रश्न साधा आहे आणि रास्त आहे, म्हणून त्यांना हा परिच्छेद वाचायला दे. निव्वळ मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या कंपन्या आपल्याकडे मोजक्या आहेत आणि त्यांचा भरवसा देता येत नाही. अमेरिकेतलं 'वोबॉट' हे गाजलेलं ॲपसुद्धा ३० जून २०२५ ला बंद झालं. पण यूएक्सचं काम बँका, विमा, हॉस्पिटलं, सरकारी सेवा, सगळीकडे लागतं. ऐरोलीच्या माइंडस्पेसमधल्या आयटी कंपन्यांतही ही पदं असतात. सुरुवातीची तीन-चार वर्षं तुमची मुलगी अशा कुठल्याही ठिकाणी काम शिकेल, कमावेल आणि मग हवं त्या कामाकडे वळेल. इंजिनीअरिंगची पदवी हाताशी राहतेच. फी वाया जात नाही.

'ठाण्याच्या हॉस्पिटलातले लोक' हे मात्र मला लागलं, बाबा. मी ठाण्यातच वाढले. 'याला ठाण्याला पाठवा' हे वाक्य शाळेत, लग्नात, लोकलमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आपल्या गावाचं नाव शिवीसारखं वापरलं जातं याचं मुलांना काही वाटेनासं होतं. ते मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे. तिथे आलेल्यांतला प्रत्येकजण कुणाच्या तरी घरून आलाय, तुमच्यासारख्याच घरून. तुमचा मुलगा चांगला सावरतोय. ते वाक्य तुमच्या घरात, तो ऐकत असताना, नका बोलू.

आता पुन्हा तू. तू विचारलं नाहीस, पण तुझ्या पत्रात ते आहे. तू एकोणीस-वीस वर्षांची आहेस आणि दादाच्या गोळ्या, आईची काळजी, बाबांचा राग, सगळं एका ॲपने सोडवायला निघालीस. ते तुझ्या एकटीचं ओझं नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आधारगट आहे का, तिथे जाऊन विचार. आईला घेऊन जा, पण एकदा एकटीही जा.

सीडनंतर प्रवेशाच्या किंवा पुढे नोकरीच्या मुलाखतीत तुझ्याकडे तू केलेल्या कामाची फाईल मागतील. पहिलं काम म्हणून तेच बंद पडलेलं ॲप ठेव: काय गृहीत धरलं, अकरा दिवसांत काय झालं, त्यातून काय कळलं. त्याशेजारी दादाच्या कागदाचा फोटो शोभेल. मात्र आधी त्याला विचार. तो हो म्हणाला तर खाली लिही, 'रचना: माझा भाऊ'. नको म्हणाला तर फोटो काढू नकोस, आणि कपाटाचं दार लावून घे.