शेजारच्या घराचं होस्टेल झालंय? तक्रार मुलांची नको, इमारतीची करा

तुमची पोस्ट वाचली. लातूरच्या ट्यूशन एरियालगतची, म्हणजे खासगी क्लासेसच्या भागाजवळची गल्ली, शेजारच्या जुन्या बंगल्यावर चढलेले दोन मजले, त्यात राहणारी चाळीसेक मुलं. संडासच्या टाकीचं पाणी तुमच्या दारासमोरून वाहतंय, बोअर आटलाय, आणि तीन ठिकाणी तोंडी सांगूनही कुणी दाद देत नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की आपणही वरचा मजला मुलांना देऊन टाकावा का. आमच्या गल्लीनं हे सगळं जवळपास याच क्रमानं भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहायला घेतलंय. हा वकिली सल्ला नाही. नियम बदलत असतात, पाऊल उचलण्याआधी एकदा खात्री करून घ्या.

आधी एक खटकलेलं सांगू द्या. पोस्टमध्ये तुम्ही चार वेळा ‘या पोरांमुळे’ लिहिलंय. ती लेकरं सोळा-सतरा वर्षांची आहेत. नांदेड, बीड, परभणी, हिंगोलीकडून आलेली. बऱ्याच जणांच्या घरी सोयाबीन विकून फी भरलेली असते. टाकी किती मोठी बांधायची आणि एका खोलीत किती कॉट टाकायचे हे त्यांनी ठरवलेलं नाही. मेसवाल्या मावश्या, झेरॉक्सवाले, रिक्षावाले, अभ्यासिका चालवणारे, या शहरातली बरीच उलाढाल त्यांच्या जिवावर चालते. शिवाय तक्रारीत मुलांचं नाव आलं की ती ‘किरकोळ कुरबूर’ म्हणून बाजूला पडते. हे नुसतं चांगुलपणापोटी सांगत नाहीये. अर्ज टिकायचा असेल तर तो इमारतीवरच केला पाहिजे.

इमारतीवर म्हणजे काय, ते टाकीवरून बघा. दहा माणसांसाठीची सेप्टिक टाकी भारतीय मानकाप्रमाणे साधारण २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ ते १.४ मीटर, म्हणजे १,८०० ते २,५०० लिटरची. जुन्या बंगल्यांच्या टाक्या फार तर एवढ्याच असतात. माणशी रोज १३५ लिटर हा पाणीपुरवठ्याचा सर्वमान्य हिशोब धरला तर चाळीस मुलांना ५,४०० लिटर लागतं आणि त्यातलं ८० टक्के, म्हणजे ४,३०० लिटरच्या वर, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. आंघोळीचं पाणीही त्याच टाकीत सोडलेलं असेल तर (बहुतेक ठिकाणी असतंच) टाकीत पाणी दहा-चौदा तासही थांबत नाही. ते निदान एक दिवस थांबायला हवं, तेव्हा कुठे गाळ तळाला बसतो. तो बसला नाही की पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो, खड्ड्याच्या भिंतींची छिद्रं बुजतात, आणि मग पाणी जमिनीत मुरायचं सोडून झाकणाच्या कडेनं वर येतं. तुमच्या दारात येतंय ते हेच. उपसा गाडी बोलावली की आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच, कारण टाकी रिकामी झाली तरी शोषखड्डा बुजलेलाच राहतो. गाडी आली तर खड्ड्याचंही बघायला सांगा. आणि कुणी ‘माणूस उतरवून साफ करू’ म्हणालं तर तिथेच अडवा. २०१३ च्या कायद्यानं ते बंद आहे आणि त्या टाक्यांमधल्या वायूनं माणसं मरतात.

बोअरचंही तसंच. धनेगावच्या मांजरा धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही, त्यामुळे होस्टेलवाला साठवतो, कमी पडलं की बोअर चालवतो, तेही आटलं की टँकर मागवतो. इथली खरी अडचण कॅलेंडरची आहे. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा मे महिन्याच्या सुरुवातीला असते, बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सीईटी एप्रिल-मेमध्ये. म्हणजे शहरात पाणी सर्वांत कमी असतं नेमकं तेव्हाच एकही मूल घरी गेलेलं नसतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, ५ लाख लिटरची. चाळीस मुलांच्या ९२-९३ होस्टेलांची एका दिवसाची गरज तेवढीच होते. शहरात अशी होस्टेलं किती असतील, अंदाज करा. पहाटे नळाला थेट टिल्लू (पाणी खेचणारी छोटी मोटार) लावली जात असेल तर त्याची तक्रार पाणीपुरवठा विभागाकडे, वेळ आणि वार लिहून, वेगळी करा. पुढच्या घरांना पाणी न पोचण्याचं सर्वांत मोठं कारण तेच असतं.

आता मुख्य मुद्दा. आमच्या गल्लीचं सर्वांत जास्त नुकसान मुलांनी केलं नाही, घरमालकानंही नाही. ते एका कार्यालयानं केलं. नाव घेत नाही. आमच्या अर्जाचा विषय होता ‘विद्यार्थ्यांच्या वसतिगृहामुळे रहिवाशांना होणारा त्रास’. खिडकीवर अर्ज घेतला आणि ‘ठेवून जा, साहेब राउंडवर आहेत’ असं सांगितलं. पोच मागितली तर ‘पोच कशाला, काम होईल की’. पुढच्या खेपेला अर्ज सापडला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला उत्तर मिळालं की हा कायदा-सुव्यवस्थेचा विषय आहे, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणाले टाकीचं आम्ही काय करणार, आणि त्यांचं बरोबरच होतं. या येरझाऱ्या चालू असताना वरच्या मजल्याचा स्लॅब पडला, प्लास्टर झालं, कॉट आले आणि जूनमध्ये मुलं राहायला आली.

तोटा झाला तो इथे. बांधकाम चालू असतं तोवर ते थांबवण्याची नोटीस देणं सोपं असतं. नगररचना अधिनियमात (१९६६) त्यासाठी कलम ५४ आहे. एकदा आत लेकरं राहायला आली की कुठलाही अधिकारी हात लावायला धजत नाही. परीक्षा तोंडावर असताना मुलांना बाहेर काढल्याची बातमी कुणालाच नको असते. मालकांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते जूनच्या आत काम उरकतात. तुमच्या गल्लीत दुसऱ्या कुणी सळया आणून टाकल्या असतील तर आधी त्याचा अर्ज करा, हा नंतर.

अर्ज कसा करायचा ते सांगते तसं, शब्दशः करा. सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहू नका, कारण मग प्रत्येक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सांडपाणी स्वच्छता विभागाला, टिल्लू पाणीपुरवठ्याला, जिना आणि गच्चीचा आगीचा धोका अग्निशमनला, वापरातला बदल नगररचनेला. नगररचनेच्या अर्जाचा विषय असा ठेवा: ‘अमुक घर क्रमांकाच्या निवासी इमारतीच्या वापरात झालेल्या बदलास परवानगी आहे किंवा कसे, याबाबत पाहणी करणेबाबत’. ‘बेकायदा’ हा शब्द वापरू नका. निवासी भागात होस्टेल चालतच नाही असं नाही, ते रस्त्याची रुंदी, पार्किंग आणि मंजूर नकाशा यांवर ठरतं. तुम्ही फक्त विचारायचं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. देत नसतील तर वाद घालू नका, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा.

पंधरा-वीस दिवसांत हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार. यात एक फायदा आहे जो साध्या अर्जात नाही: ‘आमच्याशी संबंधित नाही’ म्हणून परत करता येत नाही. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पाल्हाळ नको. १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावा. मंजूर नकाशाची प्रत, भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरायच्या परवानगीची) प्रत आणि तुमच्या आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, एवढंच मागा. नकाशाला ‘त्रयस्थाची माहिती’ म्हणून नकार येऊ शकतो, तेव्हा शेवटचा मुद्दा वेगळ्या अर्जात मागितलेला बरा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. याशिवाय महापालिकेचा लोकशाही दिन (लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस) महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, हे बऱ्याच जणांना त्या दिवशी तिथे गेल्यावर कळतं.

आगीचं मात्र अर्जावर सोडू नका. शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली एकदा नीट बघून या. अशा घरांमध्ये बहुतेक वेळा एकच जिना असतो, त्याच्या खाली मीटरचा बोर्ड, बोर्डाला टेकून सात-आठ दुचाक्या, त्यांच्या टाकीत पेट्रोल. खिडक्यांना बाहेरून जाळी. गच्चीच्या दाराला कुलूप, कारण मुलं रात्री गच्चीवर गप्पा मारतात म्हणून शेजाऱ्यांनीच तक्रार केलेली. हिवाळ्यात सकाळी सहाला दहा खोल्यांत पाणी तापवायचे रॉड एकदम लागले तर १,५०० वॅटच्या हिशोबानं १५ किलोवॅट होतात, म्हणजे ६५ अँपिअर. बंगल्याची जुनी वायरिंग तेवढ्यासाठी घातलेलीच नसते. पहिली ठिणगी मीटरपाशीच उडणार, आणि उतरायचा रस्ता तोच. संध्याकाळी मालकाला भेटा, भांडू नका. दुचाक्या जिन्याखालून हलवा आणि गच्चीचं दार आतून किल्लीशिवाय उघडेल असं करा, एवढ्या दोनच गोष्टी मागा. खर्च नगण्य आहे, बहुतेक जण ऐकतात. कायद्याच्या बाजूनं बघायचं तर राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. या पत्त्याचं ते आलंय का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

आता तुमचा वरचा मजला. देऊ नका असं म्हणणार नाही. पण आमच्या गल्लीत एक गोष्ट झालीय तिचा विचार करा. कॉटमागे भाडं मिळायला लागल्यापासून कुटुंबाला खोल्या देणारं कुणी उरलं नाही. १०×१० च्या खोलीत तीन कॉट बसतात आणि तिघांचं मिळून भाडं एका बिऱ्हाडापेक्षा जास्त येतं, मग बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले लोक, नवीन संसार शहराच्या कडेला फेकले गेले. आमच्या गल्लीतली लहान मुलं कमी झाली ती त्यामुळे. एखादं बिऱ्हाड मिळालं तर माझं मत त्याच्याच बाजूनं आहे.

द्यायचंच ठरलं तर संख्या खोल्यांवरून ठरवू नका, टाकीवरून ठरवा. टाकी दहा माणसांची आणि घरात तुम्ही चार, तर सहा मुलं, सातवं नाही. नळाला पाच दिवसांनी पाणी येत असेल तर सहा मुलांसाठी ४,००० लिटरचा वेगळा साठा हवा. नसेल तर मे महिन्यात तुम्हीच टँकर शोधत फिराल.

करार मुलाच्या नावानं करू नका. इथे बहुतेक जण चुकतात. अकरावी-बारावीचं मूल अठराच्या आत असतं आणि अज्ञानाशी (कायद्याच्या भाषेत अठराच्या आतल्याशी) केलेल्या कराराला कायद्यात अर्थ नाही. करार वडिलांशी किंवा आईशी करा, राहणाऱ्याचं नाव आत लिहा. लिव्ह अँड लायसन्स (हा भाड्याचा करार) नोंदवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, स्टँपपेपरवर नोटरी करून भागत नाही. मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (डिपॉझिट मोठं असेल तर त्याचाही हिशोब धरतात), नोंदणी फी शहरात १,००० रुपये. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते, ती दिल्याची प्रत जपून ठेवा. मूल रात्री आजारी पडलं तर कुणाला फोन करायचा, दवाखान्यात न्यायची परवानगी आहे का, हेही पालकांकडून लेखी घ्या. करारापेक्षा हा कागद जास्त वेळा लागतो.

जीएसटीची भीती कुणी घातली असेल तर सोडा. माणशी महिना २०,००० पर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या राहण्यावर जुलै २०२४ पासून तो लागत नाही. विजेचं मात्र नीट बघा. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. मुलं तुमच्याच मीटरवर राहिली की तुमचाही वापर वरच्या टप्प्यात जातो आणि मग महिनाअखेरीला त्यांच्याशी युनिटवरून वाद. वरचा मजला वेगळ्या जिन्याचा, वेगळ्या स्वयंपाकघराचा असेल तर स्वतंत्र मीटर मागा.

पोस्टमध्ये गल्लीच्या रस्त्याची रुंदी लिहिलेली नाही. कुंपणापासून कुंपणापर्यंत टेप लावून मोजा, मीटरमध्ये, आणि इथे कळवा. शेजारच्या बांधकामाच्या फलकावर परवानगी क्रमांक असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, इथे टाकू नका. रुंदी कळली की नगररचनेच्या अर्जात कुठल्या मुद्द्यावर जोर द्यायचा ते सांगता येईल.