‘ॲडोलेसन्स’मधील जेमीने खून का केला, हे मालिका सांगतच नाही का?

आपला प्रश्न असा आहे की, नेटफ्लिक्सवरील ‘ॲडोलेसन्स’चे चारही भाग पाहूनसुद्धा जेमी मिलर या तेरा वर्षांच्या मुलाने वर्गातील केटीला नेमके कशामुळे मारले ते हाती लागत नाही, घर चांगले, आई-वडील प्रेमळ, मग हा लेखकांचा कच्चेपणा समजायचा का? मी माध्यमिक शाळेत आठवी-नववीला शिकवते आणि ही मालिका मी दोनदा पाहिली आहे. पहिल्या वेळी मलाही हीच चुटपुट लागून राहिली होती. दुसऱ्या वेळी लक्षात आले की कारण सांगितलेले आहे, फक्त ते एका जागी ठेवलेले नाही.

गुन्हेगारी मालिकांनी आपल्याला एक सवय लावली आहे. खुनी सापडला की त्याचे बालपण दाखवतात, मारकुटा बाप किंवा व्यसनी आई दिसते आणि आपण निश्चिंत होतो, कारण आपले घर तसे नसते. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहॅम या लेखकद्वयाने ही वाट मुळातच बंद केली. मार्च २०२५ मध्ये आलेल्या या ब्रिटिश मालिकेचा प्रत्येक भाग दिग्दर्शक फिलिप बॅरँटिनी यांनी सलग एका शॉटमध्ये चित्रित केला आहे. मध्ये कुठेही कट नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला भूतकाळात जाताच येत नाही. अटकेची सकाळ, त्यानंतरचा तिसरा दिवस, मग सात महिन्यांनी आणि तेरा महिन्यांनी, अशा चार वेळी आपण या माणसांना भेटतो, तेही सगळे घडून गेल्यावर. खूनसुद्धा आपल्याला दिसतो तो सीसीटीव्हीच्या चित्रणात, पोलिसांच्या खोलीत, जेमीच्या शेजारी बसलेल्या त्याच्या वडिलांबरोबर. आपले मूल काय करत होते हे उशिरा कळणे म्हणजे काय, याचा अनुभव ही रचनाच देते.

दुसऱ्या भागात तपास अधिकारी बॅसकोम शाळेत जातो. केटीने जेमीच्या इन्स्टाग्रामवर टाकलेली इमोजीची चिन्हे म्हणजे दोघांच्या मैत्रीची खूण, असे तो धरून चाललेला असतो. त्याच शाळेत शिकणारा त्याचा मुलगा त्याला बाजूला घेऊन अवघडत समजावतो की त्या चिन्हांचा अर्थ उलटा आहे: ती मुलगी जेमीला ‘इन्सेल’ म्हणत होती, म्हणजे ज्याला कधीच कोणी मुलगी पसंत करणार नाही असा. ८० टक्के स्त्रिया २० टक्के पुरुषांकडेच आकर्षित होतात, हे इंटरनेटवरच्या पुरुषी टोळक्यांचे गणित तेथील मुलांना पाठ असते, पण त्यांच्या शिक्षकांना आणि पोलिसांना त्याची नीट कल्पना नसते. हे पाहताना मला माझा वर्ग आठवला. एका मुलाच्या वहीवर रोज एकच छोटे चित्र काढलेले असायचे, मी त्याला हस्ताक्षराबद्दल शेरा देत राहिले, आणि ते चित्र त्याला डिवचण्यासाठी इतर मुले काढत होती हे मला वर्ष संपताना कळले.

आपल्याला हवे असलेले उत्तर मात्र तिसऱ्या भागात आहे. एक खोली, मानसतज्ज्ञ ब्रायनी आणि जेमी, एवढाच तो भाग आहे. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते आणि आपल्या सँडविचमधला अर्धा भाग त्याला देते. जेमीचे काम करणाऱ्या ओवेन कूपरचा हा पहिलाच अभिनय, आणि चित्रीकरणही याच भागापासून सुरू झाले. पुढे वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला सहायक अभिनेत्याचा एमी हा अमेरिकेतील टीव्ही पुरस्कार मिळाला. या भागात जेमी एका क्षणी गोड हसतो आणि दुसऱ्या क्षणी खुर्ची सोडून तिच्या अंगावर ओरडतो. बोलता बोलता तो सांगून जातो की केटीचा अर्धनग्न फोटो वर्गात फिरला, सगळे तिची टर उडवू लागले, तेव्हा ती दुबळी झाली असेल आणि आता आपल्याला हो म्हणेल असे त्याला वाटले, म्हणून त्याने तिला जत्रेला येण्याबद्दल विचारले. तिने नकार दिला. पुढे तो अभिमानाने म्हणतो की खुनाच्या रात्री आपण तिच्या अंगाला कुठेही हात लावू शकलो असतो, पण लावला नाही, म्हणजे आपण इतर मुलांपेक्षा चांगलेच नव्हे का? तेरा वर्षांच्या मुलाच्या मनात चांगुलपणाचे माप इतके खाली घसरलेले आहे, आणि हे बोलताना त्याला त्यात काही वावगे वाटत नाही, हेच मला या मालिकेचे उत्तर वाटते. शेवटी पहारेकरी त्याला ओढून नेत असताना तो ब्रायनीला विचारत राहतो की मी तुला आवडतो की नाही.

आता वडिलांबद्दल. जेमी ब्रायनीला सांगतो की फुटबॉल खेळताना माझ्याकडून चूक झाली की बाबा दुसरीकडे बघायचे. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही. चौथ्या भागात जेमीचे वडील एडी आपल्या पत्नीला, मँडाला, त्याच मैदानाबद्दल सांगतात: इतर पालक हसत होते, पोरगा माझ्याकडे बघतो आहे हे मला कळत होते, आणि मला त्याच्याकडे बघवले नाही. एडीला त्याच्या बापाने पट्ट्याने मारले होते, आपण मुलांवर हात उगारायचा नाही ही शपथ त्याने पाळली, तरीही त्याचा संताप घराने पाहिलेलाच होता. त्याच बोलण्यात ती दोघे कबूल करतात की पोरगा आपल्या खोलीत आहे म्हणजे सुरक्षित आहे, असे आपण समजत होतो. मग समजूतदार थोरली मुलगी लिसा येऊन त्यांना धीर देऊन जाते. हिला आपण कसे घडवले, असे एडी विचारतो, आणि मँडा म्हणते, त्याला घडवले तसेच. त्यामुळे दोष एकट्या आई-वडिलांचा आहे, असे म्हणण्याची सोय उरत नाही आणि त्यांचा काहीच संबंध नव्हता असेही म्हणता येत नाही.

लेखकांचा कच्चेपणा मला दिसतो तो दुसऱ्या ठिकाणी. बॅसकोमची सहकारी सार्जंट मिशा फ्रँक दुसऱ्या भागात चिडून म्हणते की जेमी सगळ्यांच्या लक्षात राहील, केटी कोणाच्याच नाही. तक्रार रास्त आहे, पण मालिकाही पुढे तेच करते. केटीचे घर, तिचे आई-वडील आपल्याला भेटत नाहीत. त्या भागाच्या शेवटी कॅमेरा शाळेतून वर उडतो, गावावरून जात जात खुनाच्या जागी उतरतो, आणि तिथे फुले ठेवायला आलेला माणूस असतो तो जेमीचा बाप.