सासूबाईंच्या खुब्यात कोणाचं हाड?

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. १४ वर्षांपूर्वी खुब्याचा सांधा बदलला होता तो आता सैल झालाय. परत ऑपरेशन करायचंय आणि खुब्याच्या वाटीत (मांडीच्या हाडाचा गोळा बसतो त्या खोबणीत) हाड कमी पडतंय म्हणून बोन बँकेतलं हाड भरणार म्हणे. सासूबाई हटून बसल्यात, मेलेल्या माणसाचं हाड मला नको. शिवाय शरीराने ते नाकारलं तर? किडनीसारख्या जन्मभर गोळ्या लागतात का? – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, सासूबाईंना आधी हे सांगा की ते हाड बहुतेक एखाद्या चालत्याबोलत्या माणसाचं असेल. खुबा बदलताना मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कापून काढावाच लागतो, मोठ्या लिंबाएवढा असतो, आणि एरवी तो पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात जातो. पेशंटने लेखी संमती दिली की तोच गोळा पॅक करून उणे ८० डिग्रीच्या फ्रीजरमध्ये जातो, झाली बोन बँक. मरणोत्तर दानातलं हाडही काही बँकांत असतं, नाही असं नाही, पण सासूबाईंचा स्वतःचाही गोळा १४ वर्षांपूर्वी काढलाच होता की, तो कुठे गेला हे कोणी विचारलं होतं का? (हे जरा हसत विचारा, नाहीतर माझ्यावर यायचं.)

आता किडनीचं. किडनी जिवंत असते, तिला तुमच्या रक्तवाहिन्या जोडतात, म्हणून शरीर तिच्याशी भांडतं. बँकेतल्या हाडातल्या पेशी गोठवण्यात मेलेल्या असतात, मगज आणि चरबी बरीचशी धुऊन काढलेली असते, उरतो तो नुसता सांगाडा. स्लॅब टाकताना सेंटरिंग लावतो ना तसं समजा, फरक इतकाच की सेंटरिंग काढायला मिस्त्री लागतो, इथे सासूबाईंच्याच पेशी त्या सांगाड्यात शिरतात, जुनं हाड थोडं थोडं कुरतडतात आणि तिथे आपलं नवीन घालत जातात. याला महिने लागतात, मोठ्या तुकड्यात तर वर्षं लागतात आणि आतला काही भाग कायम जुनाच राहतो, तरी चालतं. गोळ्या लागत नाहीत, रक्तगटही सहसा जुळवत नाहीत. एक अपवाद म्हणजे निगेटिव्ह रक्तगटाची, पुढे मूल होऊ शकणारी बाई असेल तर नीट न धुतलेल्या हाडातल्या रक्तपेशींचा त्रास पुढच्या बाळंतपणात होऊ शकतो, तिथे बघावं लागतं. ७१ व्या वर्षी तो प्रश्न नाही.

थिएटरमध्ये काय होतं ते पण सांगतो, कारण माणसाला न दिसणाऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटते. गोठलेला गोळा कोमट सलाईनमध्ये सोडतात, वरची कुर्चा खरवडतात, मग हाताच्या चक्कीत किंवा पकडीने खडीसाखरेच्या खड्यांएवढे तुकडे करतात. अगदी बारीक कीस करून चालत नाही, तो नंतर दबून बसतो. तुकडे परत धुवायचे, वाटीच्या खड्ड्यात भरायचे आणि हातोड्याने ठोकून ठोकून घट्ट करायचे, मग त्यावर सिमेंट आणि नवी वाटी. हा खड्डा मुळात पडला कशाने, तर बऱ्याचदा जुन्या सांध्यातलं प्लास्टिक वर्षानुवर्षं घासून त्याची धूळ होते आणि ती साफ करायला आलेल्या पेशी आजूबाजूचं हाडही खाऊन टाकतात. ऑपरेशननंतर काही आठवडे वॉकर आणि पायावर अर्धवट भार, इथे मात्र घाई नको.

धोका आहे तो इन्फेक्शनचा. गोठवून जंतू मरत नाहीत. २००१ साली अमेरिकेत मिनेसोटात २३ वर्षांचा एक मुलगा गुडघ्याच्या साध्या ऑपरेशननंतर दगावला, मृत दात्याकडून आलेल्या तुकड्यात जंतू होते. म्हणून दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, सिफिलिस अशी तपासणी होते, जिवंत दाता असेल तर बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांनी परत, आणि बऱ्याच बँका जंतू मारायला हाडाला गॅमा किरणही देतात. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक (टिश्यू म्हणजे हाडासारख्या ऊती) १९८८ पासून याच पद्धतीने काम करतेय. अवयवदानाचा १९९४ चा कायदा २०११ मध्ये बदलून त्यात टिश्यू पण आल्या, म्हणजे बँकेची नोंदणी हवी. तुम्ही एवढंच विचारा की कुठल्या बँकेचं, नोंदणी आहे ना, आणि पाकिटावरचा नंबराचा स्टिकर आमच्या फाइलला लावणार ना. विचारल्यावर चिडणारा डॉक्टर असेल तर दुसरा बघा, मी तरी बघेन.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, कबड्डीत गुडघ्यातली एसीएल लिगामेंट (दोन हाडांना बांधून ठेवणारा आतला पट्टा) तुटली. अमेरिकेतल्या भाच्याला तिच्या जागी दात्याचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बसवला, मांडीला हातही लावला नाही. इथले सर मांडीतला टेंडन काढू म्हणतात. पैसे जास्त गेले तरी चालतील पण पोराचं अजून काही कापायला नको वाटतं. – एक वडील, इचलकरंजी

उत्तर : दादा, बापाचा जीव आहे, समजतं, पण इथे तुमच्या सरांचं बरोबर आहे. भाच्याचं वय तुम्ही लिहिलं नाही, चाळिशीचा असेल आणि शनिवार-रविवार चालण्यापुरता गुडघा हवा असेल तर दात्याचा टेंडन ठीक. १९ वर्षांच्या खेळाडूत मात्र तो परत तुटायचं प्रमाण स्वतःच्या टेंडनपेक्षा बरंच जास्त आहे, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. एक तर परका टेंडन रुजायला जास्त वेळ घेतो, दुसरं म्हणजे जे किरण जंतू मारतात तेच डोस वाढला की टेंडनचे धागेही कमजोर करतात. मांडीतला टेंडन काढल्यावर मागे काही दिवस दुखतं, पाय मागे ओढायची ताकद थोडी कमी होते, व्यायामाने बरीचशी भरून येते. काही सर्जन घोट्याच्या बाजूचा टेंडन घेतात, तोही चालतो. स्वतःचा असला तरी पहिले दोन-तीन महिने तो आत सगळ्यात कमजोर असतो आणि नेमकं तेव्हाच पोराला वाटतं की आपण बरे झालो. नऊ महिने मॅटवर जाऊ देऊ नका, मित्र बोलवायला आले तरी. दोन-तीन लिगामेंट एकदम गेल्या असत्या किंवा हे दुसरं ऑपरेशन असतं तर मीच बँकेतला घ्या म्हटलं असतं.

प्रश्न : वडील माळकरी आहेत. मनगटाच्या फ्रॅक्चरमध्ये हाडाची पावडर भरणार म्हणे. ती कशाची असते? – एक वाचक, बार्शी

उत्तर : काही पूर्ण कृत्रिम असतात, कॅल्शियम फॉस्फेटच्या, काही गायीच्या हाडापासून केलेल्या असतात, काहींत जनावराचं कोलॅजन (हाड-कातडीतलं प्रोटीन) असतं. सर्जनला दरवेळी आठवेलच असं नाही, पण बॉक्सवर किंवा आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. कृत्रिम मागा, सहज मिळते. किंवा वडिलांच्याच कमरेच्या हाडातून थोडं घेता येतं, तिथे मात्र मनगटापेक्षा जास्त दुखलं अशी तक्रार करणारे पेशंट मी बघितलेत. बॉक्स आदल्या दिवशीच मागून बघा, एकदा आत नेल्यावर कोण विचारणार.