आवाज पातळ आहे म्हणाले, म्हणून

सप्रेम आशीर्वाद.

ऑडिशनला ‘आवाज पातळ आहे’ असं ऐकावं लागल्याचं कळलं. त्यावर, लता मंगेशकरांनाही हेच ऐकावं लागलं आणि तरी त्या गाजल्या, असा लताबाईंचा दाखला तू दिलास. दाखला खरा आहे, पण अर्धाच. फिल्मिस्तान या चित्रपटसंस्थेच्या शशधर मुखर्जींनी ‘शहीद’ चित्रपटासाठी तो आवाज बारीक म्हणून नाकारला. मग संगीतकार गुलाम हैदरांनी १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये त्यांना गाणं दिलं आणि १९४९ मध्ये ‘महल’ आला. नकार आणि कीर्ती इतकी लागून आल्यामुळे सगळी जादू वाटते. मागची सात वर्षं कुणी मोजत नाही.

२४ एप्रिल १९४२ ला वडील मास्टर दीनानाथ गेले, तेव्हा ही थोरली मुलगी बारा वर्षांची होती आणि पाठीवर चार भावंडं. चित्रपट दिग्दर्शक मास्टर विनायकांनी हात दिला. त्याच वर्षी ‘किती हसाल’साठी गायलेलं गाणं चित्रपटातून कापलं गेलं. ‘पहिली मंगळागौर’मध्ये छोटी भूमिका मिळाली, अभिनयाची आवड नव्हती, पण घर चालवायचं होतं. १९४५ मध्ये मुंबई, आणि तिथे भेंडीबाजार घराण्याचे अमानअली खाँ यांच्याकडे तालीम. तेव्हा लताबाईंना कुणीही ओळखत नव्हतं, हे ध्यानात घे.

आता मुद्द्याचं. पातळपणा हा गळ्याचा स्वभाव आहे. तो लपवायला घसा दाबून, छातीतून जोर लावून गाशील तर दोन-तीन महिन्यांत वरचे सूर खरखरतील. स्वभावाला हात लावू नकोस, कच्चेपणा तेवढा काढ. लताबाईंच्या सुरुवातीच्या गाण्यांत त्या वेळची गाजलेली गायिका नूरजहाँ हिची छाप ऐकू येते. ‘महल’पर्यंत ती गळून पडली. त्यांनी मेहनत घेतली ती उच्चारांवर आणि श्वासावर.

उच्चारांचं आधी. मराठी माणसाच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो, असं दिलीपकुमार म्हणाले होते. त्यावर रुसून न बसता लताबाईंनी मौलवी ठेवून उर्दू शिकून घेतली. तुझ्या पाठवलेल्या गाण्यातही तोच वास आहे, राग मानू नकोस. ‘ज़िंदगी’तला ज़ तू आपल्या ‘जहाज’सारखा म्हणतोयस. आपल्या ‘ज’ला जीभ दातांमागे टेकते आणि सुटते, उर्दू ‘ज़’ला ती टेकतच नाही, फटीतून हवा घासत राहते. ‘ज़’ तीन सेकंद लांबवून बघ. लांबला तर बरोबर, तुटला तर मराठी. ‘है’चं ‘हइ’ होतंय; हिंदीत तो एकच पसरट स्वर आहे. ‘में’मधला अनुनासिक तर तू सरळ गिळतोस. उपाय कंटाळवाणा आहे: गाण्याचे शब्द चाल न लावता वाचायचे, ध्वनिमुद्रित करायचे, आणि घरची भाषा उर्दू असलेल्या कुणाला तरी ऐकवायचे. रोज आठ ओळी पुरेत. चालीत चूक लपते, वाचनात लपत नाही.

श्वासाचं श्रेय लताबाई संगीतकार अनिल विश्वासांना देत. माइकसमोर श्वास कुठे घ्यायचा आणि तो ऐकू कसा येऊ द्यायचा नाही, हे त्यांनी शिकवलं. तू ओळ संपता संपता, खांदे उचलून, तोंडाने श्वास घेतोस. तो ‘हस्स’ माइक हमखास पकडतो. कागदावर श्वासाच्या जागी टिंब दे, तेही अर्थ तुटत नाही तिथेच. तिथे मान किंचित वळवून नाकाने छोटा श्वास घ्यायचा. माइक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका ठेव, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फटाक्यासारखे फुटतात. श्वास नंतर कापून टाकू, असं तंत्रज्ञ सांगेल. सगळे कापले की गाणं मेल्यासारखं वाटतं.

रियाजाला अमानअलींच्या घराण्यातलंच घे. भेंडीबाजारवाले मेरुखंडासाठी ओळखले जातात, म्हणजे त्याच सुरांचे सगळे क्रम. सा रे ग म या चारांचे २४ होतात, पाचवा घेतलास की १२०. तू चारांवरच थांब. तानपुऱ्यावर, संथ लयीत, एकाच आवाजात. पंधराव्या-सोळाव्या क्रमाला लक्ष उडतं आणि ‘ग’ उतरतो. तिथे थांबून पहिल्यापासून.

एक व्यवहाराची गोष्ट. ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’ या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे पात्राचं! श्रोते रेडिओला पत्रं पाठवून विचारायला लागले, मग खरं नाव बाहेर आलं. तुझ्यासाठी कुणी पत्रं लिहिणार नाही. श्रेयनामावलीत नाव कसं येणार हे गाण्याआधी लेखी घे, आणि रॉयल्टी सोडल्याचं कलम दिसलं तर सही करू नकोस. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गायकाला त्यावर कायदेशीर हक्क आहे.

पुढचं ध्वनिमुद्रण वाद्यांशिवाय पाठव, फक्त तानपुरा. प्रतिध्वनी लावू नकोस, आणि सोबत टिंबं दिलेला कागदही जोड.