वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन अर्थशास्त्र आणि विद्यार्थ्यांचे लेखन

प्रश्न : मी नाशिकमधील एका महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्राचा एक अभ्यासक्रम पूर्णपणे ऑनलाइन शिकवते. तासाला बहुतेकांचे कॅमेरे बंद असतात आणि स्वाध्याय मागवले, तर एकाच ठिकाणाहून उतरवलेले परिच्छेद हाती येतात. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला थोडे लिहावे व ते सर्व वर्गाने वाचावे, असे मनात आहे. विषय कोणते द्यावेत आणि गुण कशाला द्यावेत?
— एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : आपण जरूर सुरुवात करावी, मात्र विषय देण्याऐवजी प्रसंग शोधायला सांगावे. ‘मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती बदलते ते, स्पष्ट करा’ या प्रश्नाचे उत्तर कोठूनही उतरवता येते. ‘आपल्या घरात किंवा ओळखीत गेल्या महिन्यात किमतीमुळे कोणता निर्णय बदलला?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र विचारपूस केल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि ती विचारपूस हाच अभ्यासाचा खरा आरंभ असतो.

आपल्या जिल्ह्यात यासाठी कांद्याइतका समृद्ध विषय दुसरा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले, ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली, मे २०२४ मध्ये ती बंदी उठवताना टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (याहून कमी दराने निर्यात करता येत नाही) ठरवले व ४० टक्के शुल्क लावले, सप्टेंबर २०२४ मध्ये ते निम्मे केले आणि उरलेले २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द केले. पाठ्यपुस्तकातील सरकारी हस्तक्षेपाचे प्रकरण निफाड, चांदवड, येवल्याच्या विद्यार्थ्यांच्या घरात असे घडून गेले आहे. उन्हाळ कांदा एप्रिलमध्येच लासलगावच्या लिलावात न्यायचा की साठवणुकीच्या कांदाचाळीत भरून दिवाळीपर्यंत थांबायचे, हे ठरवताना घरातली माणसे वजनातली घट, सड, गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाची मुदत आणि पुढच्या भावाचा अंदाज यांचा मेळ घालतात. संधीखर्च (एक पर्याय निवडताना सोडून दिलेल्या दुसऱ्या पर्यायाचा लाभ) आणि जोखीम या संकल्पना त्या बोलण्यात आधीच असतात. विद्यार्थ्याने त्या ओळखून मांडायच्या असतात. त्याच आठवड्यात नाशिक शहरात पंचवटीत राहणारी एखादी विद्यार्थिनी लिहील की भाव दुप्पट झाला तरी घरातला कांदा फारसा कमी झाला नाही. ही दोन टिपणे शेजारी ठेवली, की भाव वाढल्याचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, तसेच लिलावातला भाव व किरकोळ भाव यांच्यामधल्या अंतरात हमाली, तोलाई, वाहतूक आणि नासाडी यांचा वाटा किती, हे प्रश्न वर्गातूनच उभे राहतात. एकमेकांचे लेखन वाचायला लावण्याचे खरे कारण हे आहे.

लेखन दीडशे-दोनशे शब्दांचे पुरे. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावरून मोबाइलवर लिहिणाऱ्याला चित्रफीत पाठवणे जड जाते, साधा मजकूर मात्र रेंज येईल तेव्हा पोहोचतो. प्रत्येकाने दोन सहाध्यायांचे टिपण वाचून एक प्रश्न विचारावा; ‘छान लिहिले’ हा शेरा ग्राह्य धरू नये.

गुण द्यावेत ते निरीक्षणापासून निष्कर्षापर्यंतच्या तर्काला. शुद्धलेखनाचे गुण निदान पहिल्या सत्रात कापू नयेत, असे माझे ठाम मत आहे. अहिराणी बोलणारा मुलगा चुकीच्या भीतीने लिहिणेच थांबवील, तर आपण त्याच्या घरचे अर्थशास्त्र गमावून बसू. सर्व टिपणे दर आठवड्याला बारकाईने तपासणे कोणालाही झेपणार नाही. एक तृतीयांश आळीपाळीने वाचावीत आणि त्यांतील दोन लेखकांना पुढच्या तासाला आपला तर्क तोंडी मांडायला सांगावे. यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर तिथे आपोआप उघडा पडतो.

एका बाबतीत मात्र पहिल्या दिवसापासून काळजी घ्यावी. असे लेखन कर्ज, गहाण दागिने, वडिलांची थांबलेली मजुरी यांपर्यंत पोहोचते. घरचा आकडा किंवा नाव लिहिण्याची सक्ती नको, ‘एक कुटुंब’ एवढे म्हणण्याची मुभा हवी, आणि ज्याला आपले टिपण फक्त शिक्षकांनीच वाचावे असे वाटते, त्याला तसे कळवण्याची सोय असावी. त्याचे गुण त्यामुळे कमी होऊ नयेत.