बीएमडब्ल्यूची बॅटरी गावात बदलता येते, पण ट्रॅक्टरची टाकू नका

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. २०१५ ची ३२०डी सेकंडहँड घेतली, गाडी वणीकडे गावात टिनाच्या शेडखाली उभी राहते, लग्नकार्य असलं नाहीतर नागपूरले जायचं असलं तरच निघते, आता स्क्रीनवर मेसेज येऊन राहिला की गाडी उभी असताना बॅटरी जास्त उतरते, आणि बॅटरीवाला म्हणते शोरूमले कशाला जाता, ट्रॅक्टरची ८० अँपिअर-आवरची टाकून देतो अर्ध्या पैशात. सरळ सांगतो, बॅटरी गावात बदलता येते, पाने असले आणि सोबत एक माणूस असला की होते काम. पण त्या भाऊची बॅटरी टाकू नका, आणि नवीन टाकली की ते गाडीले कळवा लागते. हे दुसरं बहुतेक लोक सोडून देतात आणि मग वर्ष-दोन वर्षात पुन्हा रडत बसतात.

पण पैसे खर्च करायच्या आधी बॅटरी खरंच गेली का ते पाहा. तो मेसेज आला म्हणजे बॅटरी मेलीच असं नाही, गाडी उभी असताना कोणीतरी करंट खाऊन राहिलं एवढाच त्याचा अर्थ. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकानं किंवा फायनान्सवाल्यानं लावलेला जीपीएस ट्रॅकर लपलेला राहू शकते, डॅशकॅम राहते, आणि गावात उभी गाडी म्हटलं की उंदीर वायर कुरतडतातच. चार्जरनं रात्रभर पूर्ण चार्ज करा, मग गाडी लॉक करून चाबी दूर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर लावा. १२.७-१२.८ व्होल्ट असलं तर बॅटरी चांगली आहे, करंट खाणारा चोर शोधा. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.० म्हणजे रिकामीच समजा. पूर्ण चार्ज करून, सगळं जास्तीचं काढूनही सकाळी १२.२ च्या खाली येत असली तर मग बदला. स्टार्ट-स्टॉप, म्हणजे सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-सुरू होणं, काम करणं बंद झालं असेल तर तेही बॅटरी थकल्याची खूण राहू शकते.

आता ट्रॅक्टरची का नाही. तुमच्या गाडीत एजीएम बॅटरी आहे, आतमध्ये काचेच्या तंतूंच्या चटईत ॲसिड शोषलेलं राहते, पाणी टाकायची भानगड नाही. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीची बॅटरी दिवसातून कितीदा तरी उतरते-चढते, साधी बॅटरी त्यात लवकर खतम होते, आणि गाडी तिले एजीएमच्या हिशोबानं चार्ज करते ते वेगळंच. दुसरं म्हणजे तुमची बॅटरी डिक्कीत आहे, म्हणजे माणसं बसतात त्याच डब्यात. बॅटरीच्या बाजूले एक बारीक नळी राहते, गॅस गाडीच्या बाहेर सोडणारी. ओळखीच्या एकाच्या ऑडीत साध्या दुकानातून बॅटरी बसवली होती, उंची वेगळी म्हणून खालचा क्लॅम्प लागलाच नाही आणि ती नळी तशीच लोंबत सोडली. डिक्की उघडली की नाकात झोंबणारा वास, कार्पेटवर पांढरे डाग, आणि वळणावर बॅटरी सरकल्याचा आवाज. हे मी स्वतः पाहिलं, म्हणून एवढं जोर देऊन सांगतो.

जुन्या बॅटरीच्या लेबलवर सगळं लिहिलेलं आहे: एजीएम, अँपिअर-आवर (किती करंट साठवते) आणि सीसीए (थंडीत इंजिन सुरू करायले किती करंट देते). तेच आकडे घ्या. ८० ची साधारण ३१५ मिलिमीटर लांब राहते, ९५ ची ३५३, रुंदी १७५ आणि उंची १९० दोन्हीची सारखीच. वार्टा, एक्साइड, ॲमरॉन, कंपनी कोणतीही घ्या, पण बनल्याची तारीख पाहा आणि दुकानातच मीटर लावायला सांगा. उन्हाळाभर गरम गोदामात पडलेली बॅटरी नवीन असूनही अर्धी मेलेली राहते. १२.५ च्या खाली दाखवलं तर घेऊच नका, दुकानदाराले राग आला तरी.

बदलताना बॉनेट आणि डिक्की दोन्ही उघडे ठेवा, चाबी खिशात ठेवा. बॅटरी काढल्यावर डिक्की लागून गेली तर इलेक्ट्रिक लॉक उघडत नाही, मग बॉनेटमधल्या लाल टोपणाखालच्या टर्मिनलवरून करंट द्यावा लागते. गाडी बंद करून वीस-पंचवीस मिनिटं शांत झोपू द्या. आधी निगेटिव्ह काढायची, लावताना निगेटिव्ह शेवटी. निगेटिव्हच्या क्लॅम्पवर एक छोटा सेन्सर आहे, बॅटरीत किती गेलं किती आलं ते मोजणारा, त्याले स्क्रूड्रायव्हर घालून वर उचकटू नका, नट पूर्ण ढिला करा आणि हातानं हळूच हलवून काढा. पॉझिटिव्हच्या क्लॅम्पमध्ये बारूदवाली सेफ्टी आहे, अपघात झाला की केबल तोडणारी, तिथं हातोडी बिलकुल नको. बॅटरी जड आहे, मोठी एजीएम पंचवीस किलोच्या आसपास भरते, डिक्कीत वाकून एकट्यानं उचलू नका. नळी नवीन बॅटरीले आठवणीनं लावा, क्लॅम्प घट्ट करा. गाडी सुरू झाल्यावर स्टेअरिंगचे दिवे लागलेले दिसले तर घाबरू नका, दोन्ही बाजूले पूर्ण फिरवा आणि थोडी चालवा, बहुतेकदा जातात. काच एका टचवर वर नाही गेली तर पूर्ण वर नेऊन बटन धरून ठेवा.

आता गाडीले कळवायचं ते. बीएमडब्ल्यू बॅटरीच्या वयाचा हिशोब ठेवते आणि त्याप्रमाणं चार्जिंग करते. तुम्ही नवीन टाकली आणि सांगितलं नाही तर ती जुनीच समजून चालते, नवीनले म्हाताऱ्या बॅटरीच्या मापानं चार्ज करते आणि नवीनचं आयुष्य घटते. यालाच रजिस्ट्रेशन म्हणतात. शोरूमले तर करतातच, पण ओबीडी अडॅप्टर (डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावून फोनले गाडीशी जोडणारा) आणि मोबाइलवरच्या बिमरलिंक ॲपवरही होते, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ८० ची काढून ८० चीच एजीएम टाकली तर एवढंच पुरे. आकडा बदलला तर नुसतं रजिस्ट्रेशन नाही, कोडिंग करा लागते, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन आकडा भरा लागते, म्हणून म्हणतो आकडा बदलूच नका. नागपूरले जाणार असाल तेव्हा केलं तरी चालते, चार-आठ दिवसांनी काही बिघडत नाही, पण वर्षभर टाळू नका. ऑडीवाल्यांनाही हे लागते, मर्सिडीजच्या बऱ्याच जुन्या मॉडेलले असं लागत नाही.

आणि नवीन टाकूनही गाडी अशीच उभी राहणार असेल तर तिची तीच गत होईल, हे लक्षात घ्या. या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा, साधा नाही, जास्त चार्जिंग ब्रेक मारताना आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर करते, आणि बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाही. गावातल्या गावात चक्कर मारून ती भरत नाही. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ले जाते, टिनाखाली तर अजून जास्त, आणि तापमान आठ-दहा डिग्रीनं वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण अर्ध्यावर येते. निंबाच्या सावलीत उभी करा, पक्षी घाण करतील तर करू द्या. आणि एजीएम मोड असलेला चांगला चार्जर घ्या, पंधरा दिवसातून एकदा रात्रभर लावा. चार्जरचा काळा चिमटा बॅटरीच्या पोलवर नका लावू, बॉनेटमधल्या बॉडीच्या पॉइंटवर लावा, म्हणजे सेन्सरले आत किती गेलं ते कळते. बॅटरीवाल्याकडचं जुनं चार्जिंगचं डबडं लावू नका, काही काही १६ व्होल्टपर्यंत मारतात, एजीएमले १४.८ च्या वर चालत नाही.

रस्त्यात बंद पडली तर धक्का मारून सुरू होणार नाही, ऑटोमॅटिक आहे. जंप, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट, घ्यायचा तर १२ व्होल्टच्या कारचाच घ्या. ट्रकवाल्याकडून बिलकुल नाही, त्यांच्याकडे २४ व्होल्ट राहते, एका क्षणात कंट्रोल युनिट जळतात आणि तो खर्च बॅटरीच्या कितीतरी पट आहे. लिथियमचा छोटा जंप स्टार्टर घेतला तर उत्तम, फक्त उन्हाळ्यात डिक्कीत सोडू नका, घरात ठेवा आणि निघताना सोबत घ्या.

जुनी बॅटरी दुकानदाराले परत द्या, शिसं त्याच्या कामाचं आहे, वजनाप्रमाणे पैसे कापून मागा. आणि विकत घेण्याआधी जुन्या बॅटरीच्या लेबलचा फोटो इथं टाका, आकडे पाहून सांगतो.