सही नव्हे, मोजपट्टी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. अण्वस्त्र करार नेत्यांच्या इच्छेतून होतात की लोकांच्या दबावातून, या चक्रात तू अडकली आहेस. अगं, दोन्ही लागतं. पण समोरचा शब्द पाळतोय हे मोजायचं कसं, ते ठरल्याशिवाय करार होत नाही.

१९६३चा अणुचाचणीबंदीचा करार घे. अमेरिका आणि सोव्हिएत संघाला सगळ्याच अणुचाचण्या बंद करायच्या होत्या. हवेतला, पाण्यातला, अवकाशातला स्फोट लांबून पकडता येतो; जमिनीखालचा लहान स्फोट मात्र भूकंपमापकावर भूकंपासारखाच दिसू शकतो. संशय आला की जागेवर जाऊन बघायला हवं. वर्षातून कितीदा? अमेरिका वीसवरून सातवर आली, सोव्हिएत तीनच्या वर जाईनात. शेवटी भूमिगत चाचण्या वगळल्या आणि जुलैत मॉस्कोत दहा-अकरा दिवसांत मसुदा तयार झाला. तू याला ‘माघार’ म्हटलं आहेस. मोजता आलं तेवढ्यावर सही झाली, याला मी माघार म्हणणार नाही. पुढे जमिनीखाली स्फोट होतच राहिले, हे ठाऊक आहे. आमच्यासारख्यांनी मोजपट्टीपायी स्वप्न छोटं केलं असंही लोक म्हणतात. म्हणोत.

१९८७चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार तू हस्तांदोलनाच्या फोटोत संपवलास, याचा खरा राग आला. खरी गंमत सोव्हिएत संघातल्या वोत्किन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्यात आहे. बंदी एसएस-२० क्षेपणास्त्रावर, परवानगी एसएस-२५ला; दोन्ही तिथलीच आणि पहिला टप्पा बाहेरून सारखाच. मग करायचं काय? फाटकावर तीसपर्यंत अमेरिकी निरीक्षक, तेही तेरा वर्षांपर्यंत. बदल्यात अमेरिकेत, युटातल्या मॅग्नाच्या कारखान्याबाहेर सोव्हिएत निरीक्षक. बाहेर पडणारं मोठं वाहन मोजायचं, गरज पडली तर आतलं क्ष-किरणांनी बघायचं. १९९०मध्ये त्या क्ष-किरण यंत्रावरूनच भांडण पेटलं.

एसएस-२०च्या प्रक्षेपक गाडीचं काय करायचं, हेही करारात लिहिलंय: मागच्या आसापलीकडे सांगाडा किमान ०.७८ मीटर कापायचा. अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर! कोणीतरी टेबलाशी बसून हा आकडा भांडून ठरवला असणार. १ जून १९९१पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं गेली ती अशा आकड्यांच्या जोरावर.

तुझ्या मसुद्यातलं इच्छाशक्तीचं प्रकरण निम्मं कर. १९८७च्या कराराला जोडलेला, क्षेपणास्त्रं नष्ट करण्याच्या पद्धतींचा प्रोटोकॉल मुळातून वाच, सारांश नको. रविवारी फोन कर. पण वाचून झालं असेल तरच.